एका थेंबातले तीन महिने

कल्पना करा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात, खरं बोलताय, आणि घरात कुणालाच ते पटत नाहीये.

खारूचं तसंच झालं होतं. लॅबच्या बाकावर ती बाबांपासून हातभर लांब बसली होती. तिला मधुमेह होता; रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागे. आज सकाळी घरच्या यंत्राने साखर तीनशे दाखवली, आणि केराच्या डब्यात संत्र्याची सालं सापडली.

"मी नाही खाल्लं. छोटूला सोलून दिलं," धाकट्या भावाचं नाव घेत खारू म्हणाली.

"हो, आणि यंत्र थापा मारतंय!" बाबा म्हणाले. "तीन महिने रोज असंच चोरून चाललं असणार. सुट्टीतल्या शिबिराला एकटीने जायचं विसर आता."

लॅबवाल्या मावशींनी रक्त घेतलं. त्यातला थेंब यंत्रात सरकवताना त्यांनी विचारलं, "सकाळी बोट टोचण्याआधी हात धुतले होतेस का गं?"

खारूने जीभ चावली. "नाही."

"मग झालं! बोटाला संत्र्याचा रस होता, तोच मोजला यंत्राने. ही तपासणी तशी फसत नाही."

"का?"

"रक्तातली तांबडी पेशी तीन-चार महिने जगते. रक्तात जितकी साखर फिरते, तितकी तिला चिकटते. चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. म्हणून मागच्या तीन महिन्यांचा अंदाज या थेंबातून येतो."

"एवढ्याशा?"

"यात कोट्यवधी पेशी आहेत. त्यांना दटावता येत नाही, की पढवता येत नाही."

खारूचा आवाज बारीक झाला. "मी झोपलेली असते तेव्हासुद्धा साखर चिकटते?"

"तेव्हासुद्धा."

कागद बाहेर आला. चिकटलेल्या साखरेचं प्रमाण मागच्या वेळी साडेनऊ टक्के होतं, आता सात. बाबांनी आकडा दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"रोज सांभाळलंस तू," ते म्हणाले. "चुकलं गं माझं. जा शिबिराला. फक्त हात धुवत जा, बाई!"

खारूने उडी मारली नाही. ती उठून खिडकीशी गेली. बोटं जुळवून तिने पंजा उन्हासमोर धरला. बोटांच्या कडा आतून लालभडक उजळल्या. बराच वेळ ती बघत राहिली.

मग तिने बाबांना खिडकीशी ओढलं, आणि त्यांचाही हात उन्हासमोर धरला.