न तपासलेली सॅक

धाकटीने मेथची नशा करून पाहिली. छे, तसं काही झालंच नाही. झालं असतं, तर घरात कुणाला तरी कळलं नसतं का?

दादा व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यापासून आई रोज त्याची सॅक जमिनीवर उपडी करते आणि बाबा त्याचे मोजे उलटे करून हुंगतात. म्हणून दादा आपली पुडी धाकटीच्या सॅकमध्ये ठेवतो.

आज केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी चौघांना समोर बसवलं. "घरात कुणाला व्यसन असलं, झोप उडाली, आपल्याकडे कुणी बघतच नाही असं वाटलं, की पोरं त्या वाटेला लागतात." आईबाबा दादाकडे बघत माना डोलवत राहिले.

"आणि ही धाकटी?"

"हिचं काही बघावंच लागत नाही हो!" बाबा कौतुकाने म्हणाले. "गुणाची पोर आहे."

दादाने बुटाच्या नाडीत लक्ष घातलं.

निघताना आईबाबांनी दादाला दोन्ही दंडांना धरून जिना उतरवला. त्यांच्या पाठींकडे बघत धाकटी सरकारी अर्जाच्या सुरात पुटपुटली,



"तरी माझीही सॅक एकदा जमिनीवर उपडी करण्यात यावी, ही नम्र विनंती."