रावजीसाठी एक प्रयोग

"आता एक जरी प्रयोग केलात तरी आवाज कायमचा जाईल," असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

"रावजीला सांगायचं नाय," दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना धोंडीराम बायकोला म्हणाला. "सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

लताबाई काहीतरी बोलणार होती. स्टेजवर देवऋषी-भगतांची यथेच्छ टर उडवणारा हा माणूस घरात मात्र ऊठसूट शपथा घालायचा, आणि तिला बिचारीला त्या मोडवत नसत.

नाशिकच्या त्या कामगार वसाहतीतली मंडळी दिवसा मशीनवर असत आणि संध्याकाळी समाजमंदिरात तालमीला. १९७८ साली त्यांचं लोकनाट्य स्पर्धेत उतरलं होतं. गाणी सगळी कळवणकडची, गावातली, आणि सगळी धोंडीरामच्या गळ्यातली. नाटक रावजीनं बसवलेलं, ढोलकीही त्याचीच. दोघांची मैत्री बावीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी रावजीची बायको गेली. एकुलती एक लेक देवळ्याला नांदत होती. मागे उरलं ते हे नाटक.

"तेबी काढून घेतलं तर त्यानं जगायचं कशावर?" जेवताना धोंडीराम म्हणाला.

"आणि तुमचा गळा?"

"गळा काय, आज ना उद्या जायचाच."

लताबाईचा घास हातातच राहिला. "एकदा दोघं समोरासमोर बसून बोला ना. माझ्यासाठी."

"शपथ घातलीय तुला," धोंडीराम म्हणाला. विषय संपला.

रावजी हल्ली तालमीला उशिरा येई. बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या असत. गाणं चालू असताना मधेच थांबून विचारी, "धोंडू, झेपंल ना? सुराची पट्टी उतरवायची का?"

"वाजव तू."

मित्राला प्रयोगाची काळजी लागलीय, हे धोंडीरामला दिसत होतं. मग तो हट्टानं आणखी वर चढून गाई. घरी आल्यावर गरम पाण्याच्या गुळण्या करी आणि वाटीत पडलेलं रक्त बायकोला दिसू नये म्हणून मोरीत ओतून देई. तिला ते रोज दिसे.

स्पर्धेतला प्रयोग रविवारी दुपारी झाला. मध्यंतरापर्यंत आवाज टिकला. शेवटच्या गाण्यात तो फाटला. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला आणि टाळ्या पडल्या. अखेरच्या ओळीला तर नुसती हवा बाहेर आली. मागच्या साथीदारांनी ओळ उचलली आणि पडदा पडला.

धोंडीरामनं पाणी मागायला तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. रडू फुटलं, पण रावजी समोर उभा होता म्हणून तो ओल्या डोळ्यांनी हसला.

रावजी त्याच्याजवळ बसला. बोटं चोळत म्हणाला, "झालं बाबा. आता सांगतो. ही माझी शेवटची ढोलकी. वरीसभर बोटं बधिर हायेत. लेक कधीची बोलवतीय, ये म्हणून. पण माझ्यावाचून नाटक बंद पडलं असतं, आन् गाण्याबिगर तू लय खचला असतास. तुझ्यासाठी थांबलो रं, धोंडू."

धोंडीरामचे ओठ हलले. आवाज नव्हता. त्यानं मान वळवून लताबाईकडे पाहिलं. ती विंगेतल्या भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून रडत होती.

"वहिनीला बोल लावू नको," रावजी म्हणाला. "तिला दिवाळीतच समदं सांगितलं व्हतं. माझ्या लेकीच्या जिवाची शपथ घातली व्हती तिला, तुला सांगायचं नाय म्हणून."