फाटकाआधीचा फलक

आमच्या गावची रेल्वेलाइन टोइवोने तळघरात हुबेहूब उभी केली होती. फाटकाआधीचा काडीएवढा फलकसुद्धा: बर्फ ढकलणाऱ्या गाडीने इथे पातं उचलायचं.

खऱ्या फाटकात पातं अडकूनच ती गाडी चालवणारा माझा नवरा आयनो गेला. तेव्हा दर हिवाळ्यात शेडमधून फलक काढून लावायचं काम टोइवोकडे होतं. "फलक होता, लेम्पी. त्यालाच दिसला नाही," तो म्हणाला होता. मी अकरा वर्षं आयनोलाच दोष दिला.

जुलैत कॉफीला गेले, तर छोटा फलक जागेवर नव्हता.

"रोज लावतो, रोज गायब होतो," टोइवो पुटपुटला.

त्याच्या औजारांच्या शेडचीही चिमुकली प्रतिकृती तिथे होती. मी तिच्या छपराला हात घातला.

"ते राहू दे गं."

मी छप्पर उचललं. सगळे फलक आत रचलेले होते. सर्वांत वरच्या फलकावर बर्फ साचला होता. मी बोट लावलं, ते गारठून ओलं झालं.