झोपमोड

धाराशिवातल्या एका मोठ्या कापड दुकानाला गार ठेवणारा गच्चीवरचा चिलर लई घरघरायचा. गच्चीला लागून असलेल्या माडीवरच्या द्वारकाबाई दुपारी भिंतीपलीकडून विनवायच्या, "दैवशाला, घटकाभर पडू दे गं मला."

चिलर चालवणारी दैवशाला म्हणायची, "माझ्या हातात न्हाय ओ, आत्या."

मग नवा चिलर आला. दुकानातल्या उकाड्याप्रमाणं तो पंख्यांचा वेग स्वतःच ठरवायचा आणि आवाजही जुन्यापेक्षा पुष्कळ कमी करायचा. पण तो बसायच्या आधीच द्वारकाबाई वारल्या. माडीला कुलूप लागलं. जुना चिलर घटकाभर बंद ठेवला असता तर काय बिघडलं असतं, ही चुटपुट दैवशालाला लागून राहिली.

त्यानंतर भर उन्हात, दुकान माणसांनी भरलेलं असतानाही, दुपार झाली की पंखे आपोआप थांबू लागले. कंपनीच्या माणसाला बिघाड काही सापडला नाही.

आज खालून मालक ओरडले, "अगं, गिऱ्हाईक उठून चाललंय!"

दैवशालानं चिलरच्या पडद्यावर बोट दाबून पंखे पुन्हा चालू केले.

भिंतीपलीकडं, त्या बंद माडीत, बाज करकरली. झोपमोड झालेल्या माणसाचा उसासा आला, आणि थकलेली पावलं भिंतीकडं येऊ लागली.