सहावा बार

"पाच बार उडाले, सहावा राहिलाय! कुणी हलायचं नाय!" मुकादम ओरडला.

दरी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी दुष्काळी कामावर घाटरस्ता निघत होता. सुरुंगाची शिट्टी होताच साऱ्या बाया खडकाआड धावल्या होत्या. गिरजाला वाटलं, लेक सासूपाशी; सासूला वाटलं, आईपाशी. लेकीची झोळी मात्र वाटेपल्याडच्या करंजाच्या झाडालाच राहिली.

"आये!" झोळीतून उतरलेली लेक रडू लागली.

"अगं, हाक तरी मार तिला!" सासू कळवळली.

गिरजानं पदर तोंडात कोंबला. हाक ऐकली की लेक धावत येणार, अन् मधल्या वाटेवरच तो न उडालेला सुरुंग.

डोंगर हादरला. धुळीनं आभाळ झाकलं.

आता हाक मारायला मोकळीक होती, पण गिरजा तशीच पदर तोंडात धरून धुळीत धावत सुटली.

धुळीतून बारीक आवाज आला, "आये, कुठं हाईस गं?"