वाकडा पट्टा

रस्त्यावर पांढरे पट्टे मारणारी गाडी चालवायची तर मान ताठ, हात सैल आणि नजर लांबच्या एका खांबावर, असं पट्टेकाकांचं शास्त्र. सव्वीस वर्षांत त्यांचा पट्टा केसभर हलला नव्हता. कामावर ते फोनही घेत नसत. म्हणून जावयाने मुकादमाला फोन केला, आणि मुकादम मागून धावत ओरडला, "काका, नात झाली."

काकांची नजर खांबावरून उडाली ती थेट आभाळात. गाडी गेली डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. थांबली तेव्हा भर रस्त्यात शंभर पावलांचा पांढरा साप पसरला होता.

"आता हे कोण निस्तरणार?" मुकादम म्हणाला.

"मागून ओरडलं कोण?" काकांनी विचारलं.

सोमवारी खोडायचं ठरलं. तोवर गाड्या निमूटपणे पट्ट्याच्या कडेने डुलत राहिल्या.

रविवारी जावई बाळ-बाळंतिणीला आणि काकांना घेऊन त्याच रस्त्याने घरी निघाला. नातीने टाहो फोडलेला. जावई शिस्तीचा, काही झालं तरी लेन सोडायचा नाही. गाडी डावीकडे झुलली, उजवीकडे झुलली, पुन्हा डावीकडे झुलली आणि मागची सीट चिडीचूप झाली.

पट्टा सरळ झाला, तशी नात पुन्हा सुरू झाली.

पुढच्या सीटवर काकांनी खिशातून फोन काढला. "जावईबापू, गाडी वळवा. मी मुकादमाला सांगतो, उद्या पट्ट्याला हात लावायचा नाही."