नवऱ्यामुलाच्या आईचं ताट

"ए नवीन बाई, मुकी आहेस की काय?" मुख्य स्वयंपाकीण सिकिरा ओरडली.

आयोकाने डोक्याचं फडकं कपाळावर आणखी ओढलं आणि नुसती मान हलवली. तोंड उघडायची सोयच नव्हती. एक वाक्य बोलली असती, तरी ओगबोमोशो गावातल्या त्या लग्नघराच्या अंगणातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईने तिला ओळखलं असतं. वीस वर्षं फिरत्या नाटक कंपनीत आणि मग सात सिनेमांत तिने एकच काम केलं होतं. सवतीच्या पोरांना विष घालणारी बाई. इतकं झकास केलं, की बाजारात मिरच्यावाल्या तिला बघून टोपल्या झाकायच्या. एकदा तर कंपनीच्या लॉरीवर दगड आले. तिच्या लेकाला, लानरेला, शाळेत पोरं 'चेटकिणीचा' म्हणायची. रडत घरी यायचा बिचारा. त्याच्यासाठीच तिने तोंडाचा रंग पुसला, तो कायमचा.

आज तोच लानरे या घरच्या मुलीला मागणी घालायला आला होता.

"आई, मुलीकडचे भारी सोवळे आहेत गं," महिन्यापूर्वी तो म्हणाला होता. "तू समोर आलीस तर लग्न मोडेल. तुझ्या जागी आमच्या साहेबांची बायको बसेल. तू लागोसला अडकलीयस असं सांगतो."

"नको रे बाबा, मोडायला नको. मी नाही येत."

पण राहवेना. आली शेवटी, मजुरीच्या बायकांत मिसळून. लेकाला लांबून बघायचं, एवढंच.

"हे पहिलं ताट झाकून ठेव," सिकिरा म्हणाली. "नवऱ्यामुलाच्या आईचं. मुलीच्या आजीने बजावलंय, हे निघाल्याशिवाय कुणाला शीतसुद्धा द्यायचं नाही."

आयोकाला भरून आलं. न आलेल्या विहीणबाईचा एवढा मान! माणसं चांगली आहेत हो, तिला वाटलं. तिने कांदा पुढ्यात ओढला आणि डोळे पुसून घेतले.

चुलीपलीकडे अंगणात ढोल थांबले. रिवाजाप्रमाणे लानरे मुलीकडच्यांसमोर जमिनीवर पालथा पडला. आता आईने त्याची ओरिकी म्हणायची, त्याच्या जन्मापासून त्याला म्हटलेलं कौतुकाचं गाणं. ती संपेपर्यंत मुलगा उठत नाही.

"अजाग्बे..." साहेबांच्या बायकोने सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि गाडी अडली. पुन्हा त्याच दोन ओळी. कुणीतरी फिस्सकन हसलं. लानरेचं कपाळ अजून मातीतच होतं.

गप्प बस, आयोकाने स्वतःला बजावलं. एक शब्द, की पोराचा संसार मोडला.

साहेबांची बायको तिसऱ्यांदा अडली. आयोकाने पळी खाली ठेवली, डोळे मिटले आणि म्हणायला लागली. आवाज चुलीपासून निघाला तो थेट फाटकापर्यंत गेला. कंपनीत माईक नव्हता तेव्हा जायचा तसाच. ओरिकी संपली.

लानरे उठला. तिला बघून त्याच्या तोंडाचा रंगच उडाला.

मुलीची आजी काठी टेकत चुलीपाशी आली. तिने आयोकाच्या डोक्याचं फडकं मागे सारलं.

आयोका गुडघ्यांवर बसली. "मी वाईट होते ती फक्त नाटकात, आई. पोर गुणाचं आहे माझं. लग्न मोडू नका."

"मोडेन कशाला? अगं बये, तुझं एक नाटक सोडलं नाही मी!" आजी तिचे गाल पुन्हा पुन्हा चाचपत होती. "ते ताट तुझ्या नावाने आंब्याखाली ठेवणार होते. रेडिओवाल्यांनी साधी बातमी दिली नाही, म्हणून वर्षभर त्यांना शिव्या घालतेय. तुझं दुखणं, तुझं शेवटचं बोलणं, तुला मातीत ठेवलं ते, सगळं या पोराने याच अंगणात बसून ढसाढसा रडत सांगितलं होतं गं."